ळ वटवाघळाचा

बालवर्गात दोन गोष्टींचे ढीग साचतात, हरवलेल्या हातरुमालांचे आणि किश्शांचे. रुमाल न्यायला कोणी येत नाही. किस्से मात्र मी स्वतःच घरी घेऊन जाते आणि जेवताना सगळ्यांना ऐकवते. घरचे म्हणतात, "हिला पोरांचा फार अभिमान!" आहेच मुळी!

धायरीच्या आमच्या शाळेत मी मोठ्या गटाला अक्षरं शिकवते. माझा नियम एकच : प्रत्येक अक्षराला एक प्राणी, आणि त्या प्राण्याची एक खरी गंमत.

*

झ झुरळाचा. ओजसने उभं राहून सांगितलं, "डोकं नसलं तरी झुरळ कितीतरी दिवस जगतं!"

दारातून आमच्या मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, चालल्या होत्या. जन्म सदाशिव पेठेतला. न थांबताच म्हणाल्या, "त्यात काय! आपल्या कमिटीत काही जण वर्षानुवर्षं जगतायत."

*

घ घोड्याचा. घोडा उभ्याउभ्या झोपू शकतो, असं मी सांगितलं. वर्गाला आश्चर्य वाटलं, पण सईला अजिबात नाही.

"माझे बाबा पण झोपतात. सिंहगड रोडच्या बसमध्ये!"

*

एकदा मंडईत मी पालकाची जुडी निवडत होते. मागून ओरडा आला, "बाई! गोगलगायीला हजारो दात असतात!" आमचाच ओजस, आईचा हात सोडून धावत आलेला.

भाजीवाल्या मावशी घाबरून म्हणाल्या, "बाळा, हळू बोल की! माझ्या पालकात न्हाई हो एक बी!"

मी त्या दिवशी दोन जुड्या जास्त घेतल्या.

*

ऑ ऑक्टोपसचा. त्याला तीन हृदयं असतात, हे ऐकून सईने बोटांवर हिशेब केला. "एक आईला, एक बाबांना, एक बाईंना."

खोटं कशाला सांगू, मला रडू आलं. मी फळ्याकडे तोंड केलं आणि पुसलेला फळा पुन्हा पुसला.

*

आता मुक्ताचं. मुक्ता जुन्या धायरीतल्या शेतकरी घरातली. पहिल्याच आठवड्यात तिने "बाई, पानी" म्हटलं आणि एकाने तिथल्या तिथे सुधारलं, "पानी नाही, पाणी! ण!" वर्ग हसला. त्यानंतर मुक्ता वर्गात बोललीच नाही.

तिची आई भेटायला आली. "घरी लई बोलती हो बाई. हितंच गप बसती."

मोठ्या बाईंनी मला बजावलं, "दिवाळीपर्यंत बोलली नाही, तर तिला छोट्या गटात बसवावं लागेल." पोरगी हुशार होती, पण ते तिच्याशिवाय कोण सिद्ध करणार?

दिवाळीच्या सुट्टीआधी पालकांसाठी आम्ही प्राण्यांची मुळाक्षरं भिंतीवर लावली, प्रत्येक चित्राखाली प्राण्याचं नाव. ण आणि ळ यांनी शब्द सुरूच होत नाहीत, म्हणून ण हरणाचा आणि ळ वटवाघळाचा. प्रत्येकाने एक चित्र रंगवायचं होतं; ळ कोणालाच नको होता. मुक्ताने गुपचूप त्या चित्रावर बोट ठेवलं आणि मी ते तिला दिलं.

पालक बघायला जमले त्या दिवशी मोठ्या बाई भिंतीसमोर थांबल्या. "बाकी अक्षरं नावात पुढे उभी आहेत, ण निदान तिसरा तरी आहे. हा ळ एवढा मागे का?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मागून आवाज आला.

"आवं बाई, आमच्या वडावर हायेत की वाघळं! ती उलटी टांगून झोपत्यात. मंग त्यांचं पयलं अक्षर शेवटीच येनार!"

कोणी हसलं नाही. तिच्या आईने पदर तोंडाला लावला.

मोठ्या बाई मुक्ताकडे वळल्या. मग मला म्हणाल्या, "छोट्या गटात हिला शिकवणार कोण?"

आणि त्यांनी भिंतीवरचं वटवाघूळ काढलं, उलटं केलं आणि पुन्हा टाचण्या मारून लावलं. ळ सगळ्यात पुढे आला.