मोतीबिंदू काढला त्या दिवसांत

फळ्यावरची माझी स्वतःचीच अक्षरं मला दिसेनाशी झाली, तेव्हा मी शाळा सोडली. त्याआधी वर्षभर सोलापुरातले डॉक्टर मला परत पाठवत होते. "अजून पिकला नाही, मास्तर. पिकल्याशिवाय काढता येत नाही," म्हणायचे. म्हणजे सुधारणा व्हायची तर आधी पुरतं आंधळं व्हायला हवं होतं. बायको जाऊन तीन वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. त्या वर्षी मी हाताने चाचपडत चूल पेटवायला शिकलो.

इस्पितळात पहिला प्रश्न आला, "सोबत कोण आहे?" कोणी नाही म्हटल्यावर कंपाउंडरने तसंच लिहून घेतलं. डोळ्यांच्या रोग्याजवळ माणूस लागतोच.

शस्त्रक्रियेची मला फार भीती होती. प्रत्यक्षात डोळ्यात थेंब टाकले, थोडं चुरचुरलं आणि डोळा लाकडाचा असावा तसा बधिर झाला. डॉक्टर म्हणाले, "पायाकडे बघा. हलू नका." दुखलं नाही, नुसता दाब जाणवला. मग एकदम पांढरा उजेड आत शिरला आणि त्यात कोणाची तरी बोटं हलताना दिसली. लगेच पट्टी आली, दोन्ही डोळ्यांवर.

खरी परीक्षा पुढे होती. उताणं पडायचं, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. खोकायचं नाही, शिंकायचं नाही, चावायचं नाही. पेज आणि दूध. मी मनात पाढे म्हणायचो, मग कविता, आणि त्या संपल्या की बायकोशी झालेली जुनी भांडणं.

शेजारच्या खाटेवर माढ्याकडचा एक शेतकरी होता. त्याचा एक डोळा एका वैदूने सुई घालून घालवला होता. दुसऱ्याचा मोतीबिंदू माझ्याच दिवशी काढला होता. सोबत त्याची बायको होती. आम्हा दोघांना एकमेकांची तोंडं ठाऊक नव्हती. तो हळू आवाजात विचारायचा, "मास्तर, जागं हाय का?" आणि पावसाचं, बैलाचं, मेलेल्या भावाचं बोलत राहायचा. इतकं माझ्याशी कित्येक वर्षांत कोणी बोललं नव्हतं.

पहिल्याच दुपारी माझी पेज उशाशी तशीच राहिलेली त्याच्या बायकोने पाहिली.

"तुमचं कुणी न्हाय व्हय?"

"नाही."

"मग आ करा की."

तिने नवऱ्याला भरवलं तसंच मलाही भरवलं, चमचा ओठाला टेकवून. पट्टीखाली डोळे भरून आले. रडायचंही नव्हतं, डॉक्टरांनी बजावलं होतं. मी दात आवळून धरले.

एका सकाळी त्याला खोकला आला. जुना, तंबाखूचा. त्याने उशी चावून दाबायचा प्रयत्न केला, पण खोकला काही थांबेना. मग तो म्हणाला, "काय तरी झालं आत." डॉक्टरांनी पट्टी सोडली तेव्हा आत रक्त उतरलेलं निघालं. त्यांनी त्याला बोटं मोजायला लावलीच नाहीत, पट्टी पुन्हा बांधली. माझी पट्टी सुटली तेव्हा मात्र डॉक्टरांनी बोटं मोजायला लावली आणि मी बरोबर मोजली.

तो घरी निघाला त्या दिवशी माझ्या डोळ्यापुढे उजेड सोसावा म्हणून हिरवं फडकं लोंबत होतं, त्याच्या कडेने पाहता यायचं. चष्मा मिळायला अजून काही आठवडे होते. माणसं पाण्यातल्या सावल्यांसारखी हलायची. तो माझ्या खाटेशी येऊन उभा राहिला.

"मास्तर, तुमाला दिसतंय न्हवं? माजी कारभारीण कशी दिसती आता? दोन साल झाली, बगितलं न्हाय."

ती मागे उभी होती. मला तिचं तोंड दिसत नव्हतं. खोटं बोलवेना.

"चेहरा नीट दिसत नाही मला अजून," मी म्हणालो. "पण कुंकू दिसतंय. मोठं लावलंय."

"व्हय," तो म्हणाला. "मोठंच लावती ती."

तिने त्याचा हात आपल्या खांद्यावर ठेवला आणि दोघं गेली. गावाचं नाव विचारायचं मला सुचलंच नाही.

पुढे जाड भिंगांचा चष्मा आला. सगळं मोठं आणि जवळ दिसायचं. पेला धरायला हात नेला तर तो अलीकडेच थांबायचा, पायरी उतरताना पाय अधांतरी पडायचा. हळूहळू सवय झाली. घरी आलो तर फडताळाला जाळी, भिंतीला काजळी, माझ्या सदऱ्यावर डागच डाग. असा मी रस्त्याने हिंडत होतो आणि कोणी सांगितलं नव्हतं.

मी दोन दिवस घर धुतलं, सदरे उकळत्या पाण्यात टाकले. मग खिडकीशी बसून वर्तमानपत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, जाहिरातींसकट. एक बातमी वाचताना हसू आलं. शेजारच्या खाटेवर तो असल्यासारखी मी ती मोठ्याने पुन्हा वाचली आणि वर्तमानपत्र घडी करून ठेवून दिलं.