मोटारीच्या खोलीतला फोन

ती घटना आजही आठवली की आधी डोकं तापतं, आणि मग त्या शेतकरी घरातल्या सुनेचं बोलणं आठवून मान ताठ होते. नावं सांगणार नाही. जुन्नर तालुक्यात, डिंगोऱ्याच्या बाजूचं शिवार, एवढं पुरे.

कोरोनाची साथ नुकतीच सरली होती. मी तिकडच्या ठाण्यात सहायक निरीक्षक होतो. सकाळची हजेरी संपत आली असताना एक शेतकरी खबर घेऊन आला. पांढरा शर्ट, कपाळाला गंध, बोलणं अगदी हळू. म्हणाला, "साहेब, आमच्या इहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत बोगस कॉल सेंटर चालतंय. माझ्या चुलतभावाची बायकोच हाय, सांगाया लाज वाटती. आतनं कडी घालती, नाव बदलून हिंदीत बोलती, लोकांला गंडा घालती. मी सवता ऐकलंय."

घरच्याच माणसाने दिलेली खबर वजनदार वाटते. शिवाय तेव्हा फोनवरून फसवणुकीच्या तक्रारींनी आम्ही बेजार झालो होतो. स्टेशन डायरीत नोंद केली. वरिष्ठांचा लगेच फोन आला, "उचलून आणा तिला." मी म्हटलं, महिलेचा जबाब तिच्या ठिकाणी जाऊन घ्यायचा असतो, तसाच घेतो. त्यांना ते आवडलं नाही. न आवडो.

महिला शिपाई बरोबर घेऊन जीप काढली. जीप शिवारात शिरली तशी बांधाबांधावर माणसं उभी राहिली. खोलीची कडी आतून लावलेली होती. दार वाजवल्यावर उघडलं ते एका तिशीच्या बाईने. डोक्यावर पदर, त्यावर हेडफोन, कानाशी माईक. माझा गणवेश पाहिला आणि तिने चक्क हाताचा पंजा दाखवून मला थांबवलं. पलीकडचा माणूस तिच्यावर ओरडत होता, ते बाहेरपर्यंत ऐकू येत होतं. ही शांतपणे म्हणत होती, "सर, आपका फ्रिज कल सुबह देखने आएंगे, मैं खुद फॉलो करूंगी." महिला शिपाई चिडून पुढे झाली, तिला मी अडवलं आणि खताच्या गोणीवर टेकलो. नोकरीत मला इतका वेळ कोणी मुकाट बसवून ठेवलं नव्हतं.

फोन संपल्यावर ती म्हणाली, "माफ करा साहेब. फोन मधीच ठेवला तर माझी नोकरी जाती. आता इचारा काय इचारायचं ते."

विचारलं. घरगुती यंत्रं विकणाऱ्या एका कंपनीच्या ग्राहकांच्या तक्रारी ती घरून घेत असे. बी.कॉम. झालेली. घरात रेंज नाही, टीव्ही चालू, शेळ्या ओरडतात, म्हणून नवऱ्याने ही खोली साफ करून दिली होती. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गोधड्या टांगल्या होत्या. बाहेरून पाहणाऱ्याला तो अड्डाच वाटावा.

"नाव का बदलतेस, ताई?"

"कंपनीच देती नाव. सगळ्यांनाच देती."

"आणि कडी का लावतेस?"

"आपल्याकडं दार कोन वाजवतं का साहेब? जो येतो तो सरळ आत, काय गं जेवलीस का, म्हनून मोठ्यानं. तिकडं गिऱ्हाईक ऐकतंय. कडी घालू नको तर काय करू?"

हे मात्र शंभर टक्के खरं होतं. आमच्या गावाकडे दार लोटून घेतलं तरी माणूस रुसतो.

तिथूनच फोन लावून तिच्या कंपनीत खात्री केली. प्रत्येक संभाषण तिकडे रेकॉर्ड होतं. त्यांनी मला हवी तेवढी ऐकवली. एकातही वावगं काही नव्हतं. उलट तिकडच्या मॅडमनी सांगितलं की बाई कामाला चोख आहे, पण तिचे फोन वारंवार मध्येच तुटतात. ताकीद दिलेली आहे, पुन्हा झालं तर कमी करावं लागेल.

ते ऐकून तिचा चेहरा उतरला. म्हणाली, "मीटर चालू, तारा धड, तरी माझीच लाईट जाती आन फोन तुटतो. सासूबाई म्हनत्यात, पोलिसाची गाडी आली, आता बास कर. मी न्हाई बास करनार. मी केलंय काय?"

खबर देणाऱ्याला मी तिथेच बोलावून घेतलं. कुठे उभं राहून ऐकलंस ते दाखव म्हटलं. त्याने खोलीमागचा उसाचा बांध दाखवला.

"केव्हा?"

"तिन्हीसांजंला. पार अंधार पडंस्तोवर. रोज."

"एकटाच? मोबाईलवर गाणं-बिणं लावून?"

"गानं लावल्यावर ऐकू कसं येनार, साहेब? अगदी गप."

माझ्या महिला शिपायाला हसू आवरेना. बिबट्याच्या या तालुक्यात अंधार पडताना उसाच्या कडेने कोणी मुकाट जात नाही. खाकरतो, काठी आपटतो, फोनवर भजन लावतो. आणि हा पठ्ठ्या रोज तिथे गप उभा राहत होता म्हणे!

"राव, बिबट्या काय तुमचा पावणा लागतो का?" मी विचारलं. तो घाम पुसू लागला.

मग मी खोली नीट पाहिली. विहीर सामाईक, खोलीही सामाईक. मधली भिंत पत्र्यापर्यंत न पोचलेली. पलीकडच्या भागात त्याचा स्टार्टर आणि दोन्ही घरांचे फ्यूज. किल्ली त्याच्याकडे. तो तिथे बसून ऐकायचा आणि मनात आलं की तिचा फ्यूज काढायचा. किल्ली काढून घेतली तसा तो फुटला.

"माझी मंडळी रोज हिच्यापाशी जाऊन बसाया लागली, साहेब. परवा म्हनली, मलाबी हेडफोन आना. उद्या घरात माझं कोन ऐकनार?"

एवढ्यासाठी त्याने एका बाईला फसवणुकीच्या गुन्ह्यात अडकवायचं ठरवलं होतं. खोटी माहिती दिल्याबद्दल त्याच्यावर कारवाईचा प्रस्ताव पाठवला. आमच्या लेखी प्रकरण मिटलं.

तिच्या लेखी मिटलं नव्हतं. मी निघालो तर ती जीपच्या आडवी आली. "साहेब, गाडी आली ती अख्ख्या शिवारानं बघितली. मी निर्दोष हाय हे निसतं तुमच्या कागदाला ठावं. चारचौघांत आलात, तर चारचौघांत सांगून जावा."

वरिष्ठ म्हणाले, पोलिसांनी असले खुलासे करत फिरायचं नसतं. मी गेलो. सकाळी दूध घालायला सगळा गाव डेअरीवर जमतो, तेव्हा गणवेशात उभा राहिलो आणि मोठ्याने सांगितलं की या बाईने काहीही गैर केलेलं नाही, ती इमानाने नोकरी करते आणि तिच्याविषयी दिलेली खबर खोटी होती. ती सासूला घेऊन पुढेच उभी होती, ताठ. घोळक्यातून त्या खबऱ्याची बायको ओरडली, "साहेब, आता मीबी तिथं बसनार हाय. परत गाडी आनू नका!" सगळी डेअरी हसली. तिचा नवरा किटली उचलून निघून गेला.

पोलीस संशय घेऊन दारात जातो तेव्हा गाडी, शिट्टी, गणवेश सगळं असतं. संशय फिटला की मात्र आम्ही फाईल बंद करून ठाण्यातच बसतो, आणि त्या दारातलं माणूस पुढची कित्येक वर्षं शेजाऱ्यांच्या नजरा झेलतं. हे मला कुठल्या प्रशिक्षणात कोणी शिकवलं नाही, त्या बाईने शिकवलं. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत, चुकीच्या खबरीवरून ज्या ज्या दारात गेलो, तिथे दिवसाउजेडी परत गेलो आणि शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात माफी मागून आलो.