गंगेचा गडू आणि टेकडीवरचं पाणी

डॉक्टरांनी ह्यांचं पाणी तोडलं, त्या दिवसापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. हृदय थकलं होतं, फुप्फुसांत पाणी साचत होतं, म्हणून प्यायला अगदी मोजकं. पुढे तर ओल्या कापसाने ओठ टिपायचे, एवढंच. हे माझ्याकडे बघत आणि मी मान खाली घालत असे. ज्या माणसाचं सगळं आयुष्य पाण्यात गेलं, तो तहानलेलाच जाणार का, हा एकच विचार डोक्यात फिरायचा. इस्पितळातून घरी आले की हातातलं भांडं कुठे ठेवलं ते आठवायचं नाही. पोथी उघडली तरी ओळ पुढे सरकायची नाही. ह्यांना बरं कर, असं बाप्पाला म्हणायचं धैर्य उरलं नव्हतं. तोंडात गंगा पडल्याशिवाय नेऊ नकोस, एवढंच मागत होते.

हे पाणीखात्यात इंजिनियर होते. मी कोकणातली, चौथी शिकलेली. लग्न होऊन ठाण्याला कोपरीत आले, तेव्हा ह्यांनी मला पहिला प्रश्न विचारला तो, "तुमच्या विहिरीला उन्हाळ्यात पाणी किती राहतं?" मी लाजून आत पळाले. मग कितीतरी वर्षं, "आमच्या हिला स्वतःच्या विहिरीची खोली माहीत नाही," असं आल्यागेल्याला सांगून हसायचे. तरुणपणी रविवारी शहाडला उल्हास नदीत पोहायला जात. पुढे पोहणं सुटलं, पण पुलावरून नदी बघून येत. पाण्यावर जलपर्णी माजलेली दिसली की दिवसभर घुम्यासारखे बसत. कुणाकडेही गेले की चहाच्या आधी पाणी मागायचे आणि पहिला घोट तोंडात घोळवायचे. टिटवाळ्याला मी गणपतीच्या दर्शनाच्या रांगेत, आणि हे बाहेर तळ्याच्या पायरीवर. देवळाच्या आत कधी आले नाहीत. त्याचीही मला धाकधूक होती.

सासूबाईंनी काशीहून आणलेला गंगेचा गडू आमच्या देव्हाऱ्यात होता. तांब्याचा, तोंड डाख देऊन बंद केलेलं. शेवटच्या वेळीच तो उघडायचा, अशी रीत. हे थट्टा करत, "अगं, आधी तपासून तरी घेऊ. आमच्या प्लँटचं पाणी ह्याहून शुद्ध असेल." "असू दे," मी म्हणायचे. माझं भांडण तेवढंच.

एका सकाळी इस्पितळातून फोन आला, लवकर या म्हणून. मुलगी पुण्याहून निघाली होती, मी एकटीच होते. गडू कापडी पिशवीत घातला आणि रिक्षात बसले. वाटेत हलवून पाहिला तर आवाज आला नाही. मला वाटलं, काठोकाठ भरलेला असेल, म्हणून डुचमळत नाही. वॉर्डाबाहेर वॉर्डबॉयला नुसता दाखवला, त्याला समजलं. त्याने कात्रीच्या टोकाने झाकण उचकटलं, आत पाहिलं आणि गडू माझ्यापुढे धरला.

"काकी, यात काहीच नाही."

आत कोरडं ठणठणीत. तळाला हिरवट डाग. इतकी वर्षं मी ज्याच्यापुढे हात जोडत आले, त्यातली गंगा कधीच आटून गेली होती. भेटीची वेळ संपत आली होती. कुणाकडे तरी घोटभर पाणी मागावं, तर परक्यांसमोर माझी जीभ उचलत नाही. मी तशीच गडू धरून उभी राहिले.

बाकावर एक बाई बसली होती, तिची नणंद आत होती. ती उठून आली आणि पाण्याची बाटली माझ्या हातात कोंबत म्हणाली, "काकी, पानी पायजे ना? मग उभ्या काय राहिल्या?"

"गंगेचं हवं होतं," मी कशीबशी म्हणाले.

"गंगा काय ठाण्याला येते का? आमच्या नलाचं हाय, टिटवाल्याचं, टेकडीवरच्या चालीतलं. आधी तोंडात घाला, मग रडत बसा."

आत नर्स म्हणाली, "दोन चमचे द्या, मावशी. आता मी अडवत नाही." मी चमचा ओठांना लावला. ह्यांनी पाणी तोंडात धरलं, सवयीने घोळवलं आणि हळूहळू गिळलं. डोळे उघडले.

"क्लोरीन जास्त आहे," म्हणाले.

त्या अवस्थेतही मला हसू फुटलं. मी सांगितलं, "टिटवाळ्याचं आहे. टेकडीवरच्या चाळीतलं." ह्यांची नजर एकदम बदलली. निवृत्त होण्याआधी ह्यांनी शेवटची पाईपलाईन टाकली ती त्याच टेकडीवर. पण पाणी वरच्या घरांपर्यंत चढत नव्हतं, आणि ते काम तसंच सोडून यावं लागलं होतं.

"चढतं का? वरपर्यंत?"

मी बाहेर धावले. "अहो, तुमच्याकडे वरपर्यंत चढतं का पाणी?"

"चढतं ना. आमचंच घर एकदम वर. आधी नव्हतं येत, सगल्यांना शिव्या घालायचो. मग नवा पंप बसवला. आता सकाली पिंप भरून वाहतं. का वो?"

तिला उत्तर द्यायलाही मी थांबले नाही. दारात नर्स म्हणाली, वेळ संपली. "मला जाऊ द्या," मी म्हणाले, "त्यांनी काहीतरी विचारलंय." असं ठामपणे मी जन्मात कुणाशी बोलले नव्हते. ह्यांच्या कानाशी वाकून सांगितलं, "चढतं. अगदी वरच्या घरापर्यंत. पिंप भरून वाहतं." ह्यांनी बारीक हुंकार दिला आणि डोळे मिटले. दुपारी गेले, शांतपणे.

नंतर मी त्या बाईला शोधलं. बाक रिकामा होता. औषध आणायला गेली असेल, किंवा नणंदेला दुसरीकडे हलवलं असेल. मुलगी म्हणते, आई, देवच आला होता. मला त्यातलं काही कळत नाही. मी तिचं नावसुद्धा विचारलं नाही, याची रुखरुख आहे. घर अजून खायला उठतं, दुपारी एका जागी बसवत नाही, उगीच आतबाहेर करते.

पण एक झालं. त्यांच्यासोबत सगळा जन्म काढूनही त्यांना तहान कशाची लागली होती, ते मला माहीत नव्हतं. मी भलतंच मागत होते. ज्याला माहीत होतं, त्याने बरोबर तेच धाडलं, तेही एका अनोळखी बाईच्या हातून. आता देवापुढे बसते तेव्हा अमुक दे, तमुक कर, असं तोंडात येत नाही. हात जोडते आणि म्हणते, तू बघ.