क्रेडिट कार्डावर काढलेला दसरा

पंचतारांकित हॉटेलच्या बाथटबमध्ये सहा गोधड्या आणि एक घोंगडी एकाच वेळी मावत नाहीत. ही माहिती कोणत्याही बँकेच्या माहितीपत्रकात दिलेली नसते, म्हणून मी आधीच सांगून ठेवतो.

त्या साली पाऊस आमच्या शहरावर सलग दुसऱ्यांदा रुसला होता. शहर मात्र वाढायचं काही थांबत नव्हतं. चिकलठाण्याकडे ज्या रानात ज्वारी उगवेना, तिथं सात-सात मजली इमारती उगवत होत्या. त्यातल्याच एकीत आम्ही फ्लॅट घेतला. जाहिरातीत पोहण्याचा तलाव होता. (तो अजूनही जाहिरातीतच आहे.) नळाला पाणी आठवड्यातून एकदा यायचं, तेही लाजत लाजत. बाकीचे दिवस आमची भिस्त रहीमभाईच्या टँकरवर. त्याचा भोंगा वाजला की मी, माझी बायको सुनंदा आणि माझी आई हंडे-बादल्या घेऊन असे पळत सुटायचो की वॉचमनही बाजूला व्हायचा.

अशात नवरात्र जवळ आलं. घट बसण्याआधी घरातलं झाडून सगळं अंथरूण-पांघरूण धुऊन काढायचं, याला आमच्याकडे 'दसरा काढणं' म्हणतात. आईचं माहेर दौलताबादजवळचं, मेंढरांमागं फिरणाऱ्या लोकांचं. पूर्वी गाडीभर गोधड्या घेऊन बाया नदीवर जायच्या. आता नदीतच धुरळा उडत होता. पिण्यापुरतं पाणी देताना रहीमभाई नाक मुरडायचा, तिथं गोधड्यांना कोण विचारतो!

"दसरा निघाला नाय तर मी घट बसवायची नाय," आईनं जाहीर केलं.

"अगं, देवीला दुष्काळ कळत नाही का?"

"देवीला कळतो रं. मला नाय कळत."

लग्न होऊन आल्यापासून तिनं एकदाही घट चुकवला नव्हता. त्यानंतर ती भांडली असती तर बरं झालं असतं. पण ती जेवताना भाकरीचा तुकडा मोडायची आणि हातातच धरून बसायची. मला फार वाईट वाटायचं, पण पाणी काही वाईट वाटण्यानं येत नाही.

नेमकं त्याच आठवड्यात आमच्या कंपनीत एक बँकेचा माणूस आला. त्यानं टेबलावर एक कार्ड ठेवलं. काळंभोर, वर सोनेरी अक्षरं! हात लावण्याआधी मी बोटं पँटला पुसली. "सर, खर्च करा आणि पॉइंट मिळवा. पेट्रोलवर पॉइंट, किराण्यावर पॉइंट, हॉटेलच्या बिलावर दुप्पट पॉइंट! आणि वर्षातून एक रात्र मोठ्या हॉटेलात, सहकुटुंब, फुकट!" मी थक्क झालो. आजवर मी आयुष्यभर खर्चच करत आलो होतो आणि कुणी साधं शाब्बास म्हटलं नव्हतं.

घरी येऊन मी सुनंदासमोर हे सगळं भारावून सांगितलं. आमच्या घरात सही मी करतो आणि ठरवते ती.

"वर्षाची फी किती?"

"तशी काही फार नाही..."

"टँकरात सांगा."

"तीन."

"छोटे का मोठे?"

"...मोठे."

विषय तिथंच संपायचा, पण माझे साडू विलासराव मदतीला धावून आले. (साडूंना हीच एक सवय असते.) त्यांच्याकडे तेच कार्ड होतं. "पाव्हणं, असं ऐकून काय ठरवता? माझी फुकट रात्र शिल्लक आहे. तुम्ही जाऊन या, राहून बघा, मग ठरवा." ते हे अशा थाटात म्हणाले की जणू हॉटेल त्यांच्या आजोबांनी बांधलं होतं.

शनिवारी आम्ही तिघं जालना रोडवरच्या त्या हॉटेलात गेलो. एका रात्रीसाठी चार मोठ्या बॅगा पाहून मी चकित झालो. पण बायकांच्या बॅगांबद्दल विचारू नये, एवढी अक्कल मला लग्नानंतर आली आहे. दारावरच्या फेटेवाल्याला त्यातली एक बॅग उचलेना.

"फॉरेनसे आये क्या, माँजी?" त्यानं घाम पुसत विचारलं.

"नाय बाबा. दौलताबादचे."

आत दिवाणखान्यासारखं भलं मोठं दालन आणि मधोमध कारंजं. साऱ्या शहराच्या घशाला कोरड पडलेली आणि इथं पाणी चक्क नाचत होतं! आई त्याच्यापुढं उभी राहिली ती हलेचना.

"दत्ता, ह्ये पानी वर जातंय आन् परत खालीच येतंय?"

"हो."

"मग उपेग काय त्याचा?"

"शोभा, आई."

"लई दांडगी शोभा हाय बाई," ती खरोखर दिपून म्हणाली.

खोलीत गेल्यावर तिनं न्हाणीघरातला नळ सोडला. धो धो पाणी! ती एक हात नळावर ठेवून वाट बघत राहिली. पाणी काही थांबेना.

"बंद कर रं, संपंल."

"संपत नाही आई इथं."

तिनं माझ्याकडं पाहिलं, नळाकडं पाहिलं आणि त्या चकचकीत नळाला चक्क हात जोडले. मला हसू आलं आणि लगेच ओसरलंही. माझ्या लहानपणी हीच बाई विहिरीतून एका दमात दोन घागरी आणायची, आणि आज नळ चालू आहे म्हणून तिला देव दिसत होता.

तेवढ्यात सुनंदानं बॅगांच्या चेनी उघडल्या. आत कपडे नव्हते! सहा गोधड्या, आईच्या माहेरची काळी घोंगडी, साबणाच्या वड्या आणि धुणं बडवायचा लाकडी धोका!

"अगं ए! हे हॉटेल आहे!"

"व्हय. आन् दाजीच म्हणले ना, राहून बघा, मग ठरवा? मग बघूनच घिऊ."

"मी गादीवर लोळायला आलो होतो!"

"लोळा की. आधी पँट वर करा."

पुढच्या दोन तासांत त्या संगमरवरी न्हाणीघरात जे घडलं, ते मी ऑफिसात कधीच सांगितलेलं नाही. भिजलेली गोधडी ही काय चीज असते! उचलायला चार माणसांची ताकद लागते आणि वजन एका म्हशीचं. बँकेच्या हिशेबानं मी तिथला सन्माननीय अतिथी होतो आणि प्रत्यक्षात गुडघ्यापर्यंत फेसात उभा राहून गोधड्या तुडवत होतो. आई टबाच्या कडेवर बसून हुकूम सोडत होती. "टाच मार टाच! नाचाय लागलाय का?" प्रत्येक गोधडीचं पाणी ती पुढच्या गोधडीला वापरायची, न संपणाऱ्या नळाखालीसुद्धा तिचा काटकसरीचा हात सुटत नव्हता. गेल्या कित्येक दिवसांत मी तिला इतकं खुशीत पाहिलं नव्हतं. म्हणून तुडवत राहिलो.

शेवटी घोंगडी भिजवली आणि टब काळा झाला. राखाडी वगैरे नाही, डांबरासारखा काळा! भिंतीवर शिंतोडे, पायपुसणं काळं, हॉटेलनं दिलेला पांढराशुभ्र झगा अंगावर घालून मी उभा, तोही काळा.

"आता वाळवायचं कुठं?" मी विचारलं.

आईनं बाल्कनीचं दार उघडलं.

दुसऱ्या मजल्यावरची ती बाल्कनी थेट हॉटेलच्या मुख्य दारावर होती. संध्याकाळच्या उन्हात सहा गोधड्या कठड्यावर पसरल्या, आणि खरं सांगतो, मी बघतच राहिलो. आजीचं हिरवं लुगडं, आईच्या लग्नातला जांभळा शालू, माझ्या शाळेच्या सदऱ्याचे निळे तुकडे, सगळे रंग धुऊन लखलखत होते. खाली वेरूळ बघून परतलेले गोरे पाहुणे बसमधून उतरत होते. त्यांना वाटलं, ही सजावटच आहे. पटापट फोटो निघू लागले. आईनं पदर सावरून वरून नमस्कार केला.

इतक्यात हॉटेलच्या फाटकातून एक टँकर आत शिरला. रहीमभाई! हॉटेलचं न संपणारं पाणीसुद्धा तोच आणत होता! त्यानं मान वर केली, गोधड्या ओळखल्या, माणसं ओळखली आणि भोंगा वाजवून साऱ्या अंगणाला ऐकू जाईल असं ओरडला, "अरे काकू! दसरा हितं काढरे क्या? पैले बोलना था ना, मै दो टँकर ज्यादा लाता!"

सगळ्यांच्या माना वर झाल्या. त्यात मॅनेजरचीही होती.

तो वर आला. टाय सरळ, चेहरा गंभीर. त्यानं न्हाणीघरात डोकावून पाहिलं आणि टायला काळं लागू नये म्हणून तो हातात धरला.

"सर, हे... काय आहे?"

"दसरा," मी म्हणालो.

"न्हाणीघराच्या सफाईचा वेगळा आकार लागेल सर. बुकिंग ज्या कार्डावर आहे, त्यावर लावतो."

मी तोंड उघडणार, तोच आई म्हणाली, "लाव बाबा. पर गोधड्या वाळूस्तोवर काढाय लावू नको."

आश्चर्य म्हणजे त्यानं काढायला लावल्या नाहीत. गोरे पाहुणे अजून फोटो काढत होते.

सकाळी विलासरावांचा फोन आला. मी घाबरतच उचलला.

"पाव्हणं, कार्डावर हॉटेलचा आकार पडलाय!"

"हो, ते मी तुम्हाला रोख..."

"रोख तर द्याच! पण आकार हॉटेलातला, म्हणून पॉइंट दुप्पट पडले! आता त्या पॉइंटांवर माझा मिक्सर येतो बघा!"

आमच्या घरी घट बसले. आईनं स्वच्छ घोंगडीवर बसून पहिली माळ बांधली आणि त्या दिवशी ती दोन भाकरी जेवली. सुनंदानं निकाल दिला, "कार्ड लई चांगलं हाय. पर ते दाजींकडंच राहू द्या."

काही दिवसांनी बँकेचा तो माणूस पुन्हा आमच्या कंपनीत आला. मी शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला मनापासून सांगत होतो, की कार्ड खरोखर उत्तम आहे, डोळे दिपतात. त्या माणसाचा चेहरा फुलला.

"अरे वा, सर! म्हणजे घेतलंत तर कार्ड?"

"नाही. कार्ड साडूंकडे आहे. पॉइंटही त्यांनाच मिळतात," मी म्हणालो. "मी फक्त पैसे भरतो."