झाकलेला पंजा

माझा नवरा फिकरी म्हणजे पहिल्या नंबरचा भित्रा. कुत्र्याला भितो, लिफ्टला भितो, आणि सगळ्यांत जास्त भितो गाडी घासायच्या पॉलिशला. म्हणतो, खरवडलेला रंग परत येत नाही. म्हणून दमनहूर शहरातल्या आमच्या दुकानात फक्त पाणी, ओरखडे बुजवणारा लेप, मेण आणि त्याचे दोन हात. लोक हसतात, पण कारखान्यातला मूळ रंग जपायचा असला की मुकाट त्याच्याकडेच येतात.

तसाच धान्याचा व्यापारी दअबस आला. सगळे त्याला मुअल्लिम, म्हणजे मालक म्हणतात. त्याचे हमाल त्याचं नाव घेतानासुद्धा आधी मागे वळून बघतात. नवी काळी गाडी घेतली तेव्हा त्याने मेंढा कापला आणि त्याच्या आईने रक्तात हात बुडवून बॉनेटवर पंजा उमटवला. दृष्ट लागू नये म्हणून आम्ही सगळेच करतो. पण दुसऱ्या दिवशी धुऊन टाकतो. म्हातारीने मात्र आठवडाभर पुसूच दिला नाही, तेही असल्या उन्हात!

"उद्या पोरीची वरात याच गाडीतून निघणार," मुअल्लिम गरजला. "डाग दिसता कामा नये. आणि रंग केसाएवढा जरी उतरला ना उस्ता, तर तुझी कातडी उतरवीन."

गार पाण्याची फडकी ठेवून ठेवून रक्त निघालं. पण खालचा रंगच खाल्ला गेला होता. पाच बोटं फिकट, पण स्पष्ट दिसत होती.

"कुठून तरी पॉलिश आण, मार आणि हो मोकळा," मी म्हटलं.

"आणि मुअल्लिमने यंत्र लावून रंगाची जाडी मोजली तर?" फिकरी म्हणाला. खरं सांगते, मीही मग पॉलिशचं नाव काढलं नाही.

मग तो तळव्याने लेप चोळत बसला. वाळू द्यायचा, पुसायचा, पुन्हा चोळायचा. शेवटी मेण. पंजा दिसेनासा झाला.

मुअल्लिम आईला घेऊन आला. वाकून, तिरपं होऊन बघितलं. "शाब्बास! गेला!"

फिकरीने तोंड उघडलं. मी चिमटा काढला.

तेवढ्यात म्हातारी उतरली आणि बॉनेट चाचपू लागली. "माझा हात कुठाय? पुसलात? अरे, पोर उद्या यात बसणार!"

"आई, डाग होता तो."

"डाग?" तिचे ओठ पांढरे पडले. धाप लागली.

फिकरी पुढे सरकला. मी त्याचा सदरा धरला, तो हिसडा देऊन सुटला.

"हाज्जा, तुमचा हात इथेच आहे. रंगात आत बसलाय. मी नुसता झाकलाय. दहा-बारा वेळा गाडी धुतली की पुन्हा दिसेल."

मुअल्लिम लालबुंद झाला होता. त्याच्याकडे न बघता फिकरीने म्हातारीचा तळवा धरून नेमक्या जागी टेकवला. ती डोळे मिटून तशीच उभी राहिली. तिची धाप हळूहळू बसली.

मुअल्लिम आईकडे बघत राहिला.

"उद्यापुरता झाकलेला राहील?"

"राहील."

"मग नंतर झाकू नकोस," तो हळूच म्हणाला.