कानाला हात पुरेना

सलूनवरून जाताना तुरटीचा खडा दिसला, की मला माझी पहिली परीक्षा आठवते.

सत्तरच्या दशकातलं आमचं शिरड शहापूर. शाळेत नाव घालायचं तर डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरावा लागे. हात पुरला की लेकरू वयात बसलं आणि शहाणंही ठरलं! मला पाढे येत होते, पण ते ऐकतो कोण? औंढ्याच्या देवाला बोललेल्या नवसाचे, फेडेपर्यंत कापायचे नसलेले माझे केस; मायनं त्यांचा डोक्यावर हा भला मोठा बुचडा बांधलेला. त्यावरून हात कानाला पुरेना.

"कच्ची आहे अजून. पुढच्या साली आणा," गुरुजी म्हणाले.

"काहून गुरुजी? अक्कल काय हाताच्या लांबीत राहती व्हय?" माय तडकली.

गुरुजींनी पुढच्या लेकराला बोलावलं. बापानं मला तडक न्हाव्यापुढं बसवलं. थंड वस्तरा फिरला, मग टाळूवर तुरटी झोंबली. शेजारी माय स्वतःचे कान पकडून देवाची माफी मागत होती.

दुपारी मी झटक्यात कान धरला. गुरुजी कौतुकानं म्हणाले, "बघा, आता झाली पोरगी शाळेजोगी!"

सकाळपासून माझ्यात जो काही फरक पडला होता, तो सगळा न्हाव्याच्या पायाशी पडला होता.