वॅगनचा चौकोन

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. बायकोला तर नाहीच, कारण गोष्ट तिच्या मामांची आहे. भाईंदरमध्ये त्या काळी ज्यांच्या पोटात कामाची एकही बातमी संध्याकाळपर्यंत टिकत नसे, असे एकच गृहस्थ होते आणि ते माझे मामेसासरे होते. लोक त्यांना बडबडे म्हणत. ते खरं नव्हतं. मामा बोलत कमीच. पण एखादी उपयोगाची माहिती एकाच माणसाच्या खिशात पडून आहे आणि दुसरा तिच्यासाठी खोळंबलाय, हे दिसलं की त्यांचा जीव अगदी कासावीस होई. स्टेशनाबाहेर टांग्यांपाशी उभे राहिले तरी ते शांतपणे जाहीर करत, "दोनच टांगे आहेत. उजवीकडचा घोडा लंगडतोय. राईला जाणाऱ्यांनी डावीकडच्यात बसा, गोडदेवला जवळच जायचंय त्यांना लंगडा चालेल." एकदा यावरून उजवीकडचा टांगेवाला त्यांच्याशी वर्षभर बोलला नाही. मामांना त्याचं वाईट वाटलं, पण घोडा सुधारला तेव्हा तेही त्यांनी तितक्याच शांतपणे जाहीर केलं.

चाळीत त्यांच्या दाराबाहेर खिळ्याला एक पाटी टांगलेली असे. मुलांची शाळा संपल्यावर उरलेली, एका कोपऱ्यात फुटकी. तिच्यावर रोज सकाळी मामांचं ठसठशीत अक्षर उमटे : 'घरी आहोत. साखर आहे. चहापत्ती संपली.' शेजारचे ते वाचून चहाला येत आणि येताना पुडीत थोडी पत्ती घेऊन येत. मामा म्हणत, "बघा, नाहीतर बिचारे येऊन अवघडून बसले असते." मामींना मात्र ही पाटी म्हणजे भर चौकात धुणं वाळत घातल्यासारखी वाटे. एकदा त्या वैतागून म्हणाल्या, "आता माझं डोकं दुखतंय तेपण लिहा त्याच्यावर! होऊन जाऊ दे एकदाचं!" मामा गंभीर झाले. "छे. ते कसं लिहीन? साखर घराची असते. डोकं तुझं आहे."

हा फरक त्यांच्या लेखी फार मोठा होता. कामाची गोष्ट सगळ्यांची आणि माणसाची गोष्ट ज्याची त्याची. आमच्या मीठ कंपनीत मामा आवक-जावक कारकून होते, म्हणजे प्रत्येक पत्र आधी त्यांच्या हातात पडे. गोदामाच्या रतिभाईंच्या मुलीचं जमलेलं लग्न मोडलं, ते कळवणारं पोस्टकार्ड कचेरीच्या पत्त्यावर आलं होतं. पोस्टकार्ड ते, मजकूर उघडाच. मामांनी ते पालथं धरून व्हरांडाभर चालत नेलं आणि रतिभाईंच्या टेबलावर पालथंच ठेवलं. पुढे सहा महिने सगळी कचेरी रतिभाईंना पेढ्यांबद्दल विचारत होती आणि मामा प्रत्येक वेळी काहीतरी काम काढून विषय बदलत होते. हे मला रतिभाईंनीच नंतर सांगितलं.

मला त्या कंपनीत चिकटवलं मामांनीच. रत्नागिरीहून येऊन दोन वर्षं मी इकडेतिकडे करत होतो. लग्नानंतर महिन्याभरात त्यांनी मला शेठजींसमोर उभं केलं आणि वॅगनचा कारकून केलं. काम सोपं होतं. रोज दुपारी स्टेशनातल्या मालबाबूंकडे जायचं आणि मीठ भरायला उद्या वॅगन लागणार का, किती लागणार, ते समजून यायचं. पण हे सोपं काम भलतंच वजनदार होतं, कारण ते मी एकटाच जाणत असे.

तेव्हा कंपनीची रीतच अशी होती. तीन माणसं, तीन वह्या, तीन कुलपं. मिठागरात कुठली रास सुकून तयार आहे ते राईच्या मुकादमाला माहीत. गोण्या किती शिल्लक आहेत ते रतिभाईंना माहीत. वॅगन कधी येणार ते मला. आणि एकाचं दुसऱ्याला सांगायचं म्हणजे जणू बायकोचे दागिने उसने द्यायचे. वॅगन येऊन उभ्या राहत तेव्हा मीठ ओलं असे, मीठ सुकलेलं असे तेव्हा गोण्या नसत, आणि दोन्ही असत तेव्हा रुळावर बकऱ्या चरत. मुकादम आदल्या दिवशी बातमी मिळावी म्हणून माझ्याकडे येताना कधी चार बोय मासे घेऊन येई. रतिभाई गाठिया पाठवत. दोघंही मला 'साहेब' म्हणत. मी वही छातीशी धरून, जरा आठवल्यासारखं करून, "हं, बघू, उद्या बहुतेक..." असं म्हणत असे. खरं तर मला आकडा तोंडपाठ असे.

मामांना हे सहन होणं शक्यच नव्हतं. त्यांनी कुठूनतरी एक जुनं दार मिळवलं, त्याची कडी काढली, त्याला काळा रंग फासला आणि व्हरांड्यात सगळ्यांना दिसेल असं टांगलं. पांढऱ्या रेघांनी चार चौकोन पाडले : आगर, गोदाम, वॅगन आणि टपाल. रोज संध्याकाळी पाचला ज्याने त्याने आपल्या चौकोनात उद्याचं लिहायचं. नियम एकच होता, "ज्याचा चौकोन त्याचंच अक्षर. दुसऱ्याने हात लावायचा नाही. मीसुद्धा नाही."

पहिल्या दिवशी कुणीच लिहिलं नाही. रतिभाई म्हणाले, "मामा, चोपडी एटले चोपडी. हिशेबाची वही काय सिनेमाचं पोस्टर आहे भिंतीवर लावायला?" मुकादम खळखळून हसला. त्याला लिहितावाचता येत नव्हतं. "माजी वही माजे डोक्यान हाय, मामा. डोका कापून टांगू काय?" मी आपली वही घेऊन टेबलाकडे वळलो. जावई होतो.

मामांनी वाद घातला नाही. त्यांनी आपल्या टपालाच्या चौकोनात लिहिलं : 'पत्रे ७ आली. गोण्या किती आहेत, मला माहीत नाही. मीठ किती तयार आहे, मला माहीत नाही. वॅगन केव्हा येणार, मला माहीत नाही.' रोज तेच. आठवडाभराने मीठ न्यायला आलेला एक व्यापारी ते वाचून शेठजींना म्हणाला, "तुमच्याकडे एक माणूस तरी खरं लिहितोय." त्याच दुपारी रतिभाई धोतर सावरत आले आणि गोदामाच्या चौकोनात रागारागाने आकडा लिहून गेले. मुकादमाला मामांनी खडू दिला आणि विचारलं, "रास कशी दिसते?" त्याने त्रिकोण काढला. मग जितक्या राशी तयार तितके त्रिकोण. पुढे तो त्यात इतका रमला की ओलसर राशीला खाली पाण्याचे थेंबही काढायला लागला. शेवटी मलाही लिहावं लागलं.

आणि फळा चालला, हे कबूल केलं पाहिजे. आदल्या संध्याकाळी तिघं आपापलं लिहून जाताना दुसऱ्याचं वाचत आणि सकाळी वॅगन लागल्या की गोण्या तिथे, मीठ तिथे, भरणाऱ्या बायका तिथे. मुकादम आणि रतिभाई, जे आधी एकमेकांना फक्त शिव्यांपुरते ओळखत, ते फळ्यासमोर उभे राहून तंबाखू मळायला लागले. गावातल्या भाजीवाल्या बायकाही व्हरांड्यात डोकावून कुणाकडून तरी वाचून घेत, कारण वॅगन लागणार म्हणजे राईच्या बायका कामावर येणार आणि परत जाताना भाजी नेणार. शेठजी पाहुण्यांना फळा दाखवायला लागले. मामा तेव्हा मुद्दाम टपालात डोकं घालून बसत, पण कान लाल झालेले दिसत.

माझ्या टेबलाकडे मात्र कुणी फिरकेना. मासे बंद झाले, गाठिया बंद झाले. माशांसाठी मी ते केलं असं म्हणणं सोपं जाईल, पण खरं कारण वेगळं आहे. 'साहेब' बंद झालं. मुकादम माझ्यासमोरून जाई, फळ्याकडे बघे आणि जाई. मी आकडा लिहिणारा हात राहिलो होतो.

एका मे महिन्यात, हंगाम संपत आलेला असताना, मालबाबूंनी मला चार वाजता सांगितलं, "उद्या आठ वॅगन लावतोय. पावसाआधीच्या ह्या शेवटच्या, बरं का." मी कचेरीत आलो. माझ्या चौकोनात कालचं होतं : 'उद्या वॅगन नाहीत.' मी खडू उचलला आणि परत ठेवला. मनात एवढंच होतं की आज कुणीतरी टेबलापाशी येऊन विचारावं. एकाने विचारलं असतं तरी मी सांगितलं असतं. पाच वाजले. मुकादम आला, त्याने माझा चौकोन कुणाकडून तरी वाचून घेतला आणि बायकांना दुसऱ्या दिवशीची सुट्टी सांगायला निघून गेला. रतिभाईंनी गोदामाला कुलूप घातलं. फळ्यावर लिहिलेलं असताना विचारायचं कशाला?

सकाळी आठ वॅगन आल्या. भरायला माणूस नव्हतं. दुपारी त्या रिकाम्या परत गेल्या. पूर्वी आमच्या वॅगन उशिरा भरत, अर्ध्या भरत, पण रिकाम्या परत कधी गेल्या नव्हत्या. राशी तशाच राहिल्या, आणि राईच्या बायकांचं शेवटच्या खेपेचं काम गेलं.

संध्याकाळी शेठजींनी सगळ्यांना व्हरांड्यात बोलावलं. मला विचारलं, "निरोप आला होता?"

"नक्की असं काही कळलं नव्हतं, शेठजी," मी म्हणालो.

मुकादम म्हणाला, "आमी फल्यावं इश्वास ठेवला." रतिभाई म्हणाले, "मी तर पहिल्यापासून सांगत होतो."

मामा पुढे आले. "फळा माझा आहे," ते म्हणाले. "त्याच्यावर चुकीचं राहिलं तर चूक माझी." एवढंच. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. त्या वेळी मला वाटलं, बरं झालं, त्यांना काही माहीत नाही. चार दिवसांनी मालबाबू सहज म्हणाले, "तुमचे मामा आले होते हो त्या दिवशी, वॅगन परत गेल्या गेल्या. मी तुम्हाला किती वाजता सांगितलं ते विचारून गेले." म्हणजे शेठजींसमोर उभे राहिले तेव्हा त्यांना सगळं माहीत होतं.

फळा काढला. दाराचं पुढे काय झालं मला माहीत नाही. वह्या परत कुलपात गेल्या. मामांची बदली चेण्याला झाली, मामी चाळीतच राहिल्या. पावसाळ्यात मिठाच्या राशी शाकारायला गवत लागे, त्यासाठी तिथे कंपनीचं कुरण होतं. जंगलाच्या कडेला एक खोपट आणि गवताचे भारे मोजायचं काम. ज्याला एक गोष्ट चौघांना सांगितल्याशिवाय जेवण जात नसे, त्याला शेठजींनी जिथे सांगायला कुणीच नाही अशा ठिकाणी पाठवलं. मी दोनचार दिवस अर्ध्या ताटावरून उठत होतो. बायकोला वाटलं, मामांची बदली मनाला लागली. ती माझी समजूत काढत होती.

दिवाळीत फराळाचा डबा घेऊन मी चेण्याला गेलो. मामा वाळले होते, पण आनंदले. खोपटासमोर सागाच्या झाडाला खोक्याचं एक झाकण ठोकलेलं होतं, काळं केलेलं, चार चौकोनांचं. 'भारे : ६२. विहीर : पाणी दोन पुरुष. बिबट्या : सोमवारी येऊन गेला.'

"मामा, इथे वाचणार कोण?"

"कुणी नाही तर बिबट्या वाचेल. त्याला कळू दे की त्याची नोंद होते."

मी हसलो. मग चौथा चौकोन दिसला. वर 'वॅगन' लिहिलं होतं आणि खाली कोरा होता.

"इथे वॅगन कुठून येणार?" मी विचारलं.

"येणार नाही," मामा म्हणाले. "चौकोन ठेवलाय. ज्याचा आहे तो लिहील." आणि खिशातून खडू काढून त्यांनी माझ्या चहाच्या कपाशेजारी दगडावर ठेवला. मग चकली मोडून, मामींचं गुडघ्याचं दुखणं कसं आहे ते विचारायला लागले.

मी चहा संपवला. उशीर होतोय म्हणालो. खडू तिथेच राहिला. मामा घोडबंदरच्या रस्त्यापर्यंत पोचवायला आले आणि निरोप घेताना म्हणाले, "जावईबापू, पुढच्या वळणावर खडी टाकलीय, डाव्या अंगाने जा." वळणावर खरोखरच खडी होती.

मामा तिथूनच निवृत्त झाले, गावी गेले आणि तीन वर्षांपूर्वी वारले. गावच्या घराबाहेरही पाटी होती म्हणे. शेवटच्या दिवशी तिच्यावर 'घरी आहोत' एवढंच होतं, असं मामींनी सांगितलं.

मुकादम अजून राईला आहे. आता मिठागरं कमी झाली, त्याला कमी दिसतं. बाजारात भेटला की माझा आवाज ओळखतो, 'साहेब' म्हणतो आणि मामांची आठवण काढतो. "मानूस सोन्याचा होता," म्हणतो, "पन त्याचा फला खोटा बोलला." मी दर वेळी मान हलवतो. त्याला ते दिसत नाही, म्हणून मग "हं" म्हणतो.

हे इथे लिहिल्याने काही फिटत नाही. मुकादमाला वाचता येत नाही, आणि बायको माझं लिहिलेलं वाचत नाही. फळा खोटा बोलला नव्हता, वॅगन येणार हे मला आदल्या दिवशी चार वाजता माहीत होतं, हे राईला जाऊन मुकादमाला आणि घरी बायकोला माझ्या तोंडाने सांगणं, एवढं मी मामांचं देणं लागतो.